दिनविशेष : २६ जुलै

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर नात वही घेऊन शेजारी येऊन बसली. "आजी, उद्या परिपाठात माझा दिनविशेष आहे. २६ जुलैला काय काय झालं ते चार ओळींत सांग. चारच हं! बाई म्हणतात वेळ नसतो."

आता दिनविशेष म्हटला की मी काय ऐकते! नोकरीत असताना वर्षानुवर्षं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज सकाळी दिनविशेष लिहिणं हे माझंच काम होतं. सुविचार कुणी का लिहीना, दिनविशेषाला मी कुणाला हात लावू देत नसे. त्यामुळे बऱ्याच तारखा अजून पाठ आहेत. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. १८५६, जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा जन्म. १९०२, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९९९, कारगिल विजय दिवस. आणि चौथी ओळ, २००५, मुंबईत अतिवृष्टी, २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस.

"झालं, चार झाल्या," म्हणून पोरगी वही मिटून झोपायला गेली. मला मात्र झोप येईना. पहिल्या तीन ओळींबद्दल काही म्हणणं नाही. माणसं जन्मतात एका दिवशी, हुकूम निघतात एका दिवशी, युद्धंही एका दिवशी संपल्याचं जाहीर करता येतं. पण ती चौथी ओळ... ती खरी आहे, आकडाही खरा आहे, तरी आपण पोरीला काहीतरी अर्धवट सांगितलं असं वाटत राहिलं. त्यावरच आज लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या आकड्याबद्दल. मी गणिताची बाई नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवायची. पण ९४४ मिलिमीटर म्हणजे किती हे मुलांना सांगायला एक सोपी युक्ती आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे आपल्या घरातली दहा बाय दहाची खोली घेतली, तर तेवढ्या जागेवर त्या एका दिवसात साधारण पावणेनऊ हजार लिटर पाणी पडलं. पाण्याचा एक टँकर जवळजवळ. प्रत्येक खोलीएवढ्या जागेवर एकेक टँकर रिता केला असं समजा. त्यातही दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटर पाऊस सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदला गेला. विहार तलावापाशी तर दिवसाचा आकडा १००० च्याही वर गेला. आणि त्याच दिवशी कुलाब्याला किती? ७३ मिलिमीटर! कुलाबा ते सांताक्रूझ अंतर वीस-बावीस किलोमीटरचं. फोर्टातली मंडळी संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडली तेव्हा नेहमीचाच पाऊस समजून छत्री उघडून गाडी पकडायला निघाली. पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणाला कल्पना नव्हती. पंधरा-पंधरा किलोमीटर उंच चढलेले ते ढग उपनगरांवर ठाण मांडून बसले होते आणि मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. मुसळधार पावसाचा इशारा वेधशाळेने दिला होता, पण इतका पडेल असं कुणीच सांगू शकलं नाही.

इथपर्यंत सगळं निसर्गाचं झालं. आता खरी गोष्ट पुढे आहे.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. दोन वर्षांपूर्वी फोनवर हेच बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, २६ जुलै आमच्याकडेही गाजलेला आहे." मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच आहे. १९७९ साली क्लॉडेट नावाचं वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं, त्याचा जोर ओसरला आणि पुढे सरकायचं सोडून ते तिथेच घुटमळत राहिलं. २५-२६ जुलैला ह्यूस्टनच्या दक्षिणेला आल्विन म्हणून गाव आहे, तिथे २४ तासांत ४२ इंच पाऊस पडला. म्हणजे १०६७ मिलिमीटर, आपल्या सांताक्रूझपेक्षा जास्त! अमेरिकेतला २४ तासांच्या पावसाचा तो उच्चांक पुढे ३९ वर्षं टिकला, २०१८ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर तो मोडला. तारीख तीच, पाऊस साधारण तेवढाच. घरंदारं, पिकं यांचं आल्विनच्या आसपास अतोनात नुकसान झालं, पण माणसं फारशी दगावली नाहीत. आणि आपल्याकडे? एकट्या मुंबईत चारशेच्या वर माणसं गेली, सगळ्या महाराष्ट्रात मिळून हजाराच्या वर.

याहून मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. चेरापुंजीला १६ जून १९९५ ला एका दिवसात १५६३ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या दीडपटीहून जास्त. कुणाला आठवतो का तो दिवस? मला तरी कुणी त्याबद्दल बोलताना भेटलेलं नाही. डोंगरावर पडलेलं पाणी दऱ्यांतून खाली निघून गेलं. तिथली माणसं, तिथली जमीन, तिथल्या वाटा पावसाला वाट देऊनच वसलेल्या आहेत.

म्हणजे काय, तर पाऊस हा पाऊस असतो. त्याची आपत्ती होते ती तो कुठे पडतो, त्याला जायला वाट आहे की नाही, आणि खाली कोण कसं राहतंय यावरून. आणि या गोष्टी काही एका दिवशी घडत नाहीत.

मुंबईचंच बघा. पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी गटारं इंग्रजांच्या काळातली. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, त्यातला निम्मा जमिनीत मुरेल आणि समुद्राला ओहोटी असेल, असा हिशोब धरून ती बांधलेली. त्या दिवशी तासाला १९० पडला, मुरायला जमीन फारशी उरली नव्हती, आणि दुपारी चारच्या सुमाराला मोठी भरती होती. ही गटारं पुरी पडणार नाहीत हे काय कुणाला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा जाडजूड अहवाल १९९३ सालीच तयार होता. गटारांची ताकद दुप्पट करा, पाणी समुद्रात फेकायला आठ ठिकाणी पंपिंग स्टेशनं बांधा, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं. पुढची बारा वर्षं तो अहवाल बहुतेक कागदावरच राहिला.

आणि मिठी. विहार-पवईच्या ओव्हरफ्लोचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी ही नदी आहे हे मुंबईतल्या कितीतरी लोकांना २६ जुलैनंतर कळलं, तोवर ते तिला नालाच म्हणत. विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलेलं, धावपट्टी तिच्या अंगावरून गेलेली, खाली मुखाजवळच्या दलदलीत भराव घालून चकाचक इमारती उभ्या केलेल्या, खारफुटी तोडलेली, काठाला झोपड्या, गोदामं, कारखान्यांचं तेलकट पाणी. हे सगळं करायला तीस-चाळीस वर्षं लागली. मग सांगा, या आपत्तीची तारीख कोणती लिहायची? मला विचाराल तर २६ जुलै २००५ ही फक्त निकाल लागल्याची तारीख आहे. पेपर आपण कितीतरी वर्षं आधीपासून लिहीत होतो.

हे फक्त आपलंच आहे असंही नाही. त्या ह्यूस्टनमध्येच २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाने चार-पाच दिवसांत अतोनात पाऊस पाडला. भाचा सांगत होता, शहराला पुरापासून वाचवायला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत, त्यांच्या बुडीत क्षेत्रातच मधल्या काळात वसाहती उभ्या राहिल्या होत्या, आणि धरणं भरल्यावर त्या घरांत पाणी शिरलं. १९७९ ची नोंद तिथल्या दिनविशेषातही असणारच की! नोंद असून काय उपयोग झाला?

दिनविशेषाबद्दल माझी दुसरी तक्रार अशी की तो मोठ्या नावाखाली लहान नावं झाकून टाकतो. माझं माहेर महाडकडचं. २००५ च्या त्याच २५-२६ जुलैला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. दोनशेच्या आसपास माणसं गेली. रस्ते बंद, फोन बंद, सगळीकडे चिखल. टीव्हीवर मात्र कुर्ला आणि कलिना. मुंबईत साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरच्या वर माणसं गाडली गेली, तीही बातमी नीट पुढे आली नाही, मग जुईचं कोण विचारतो? आज शंभर जणांना २६ जुलै म्हटल्यावर काय आठवतं विचारा. सगळे मुंबई म्हणतील. जुई म्हणणारे महाडचेच निघतील.

आणि म्हणूनच पुढचंही घडलं असं मला वाटतं. ३० जुलै २०१४, माळीण, दीडशेच्या वर माणसं. २२ जुलै २०२१, तळिये. तेही महाड तालुक्यातच, जुईनंतर बरोबर सोळा वर्षांनी. १९ जुलै २०२३, इर्शाळवाडी. प्रत्येकाची तारीख वेगळी, प्रत्येकाची एकेक ओळ. पण या चारही ओळी एका फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या तर पाचवीतल्या पोरालाही दिसेल की जुलैचा दुसरा पंधरवडा आहे, तीव्र उतार आहे, पायथ्याशी वाडी आहे आणि दोन-तीन दिवस सलग पाऊस आहे. कॅलेंडर त्यांना वेगवेगळ्या घरांत बसवतं, त्यामुळे हे दिसत नाही.

असो. इथपर्यंत मी सरकारला, शहराला, कॅलेंडरला बोल लावले. आता स्वतःकडे वळते. हे मी आजवर घरातल्या दोघा-तिघांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी शाळेत पर्यवेक्षिका होते. उपनगरातली शाळा, दुपारचं अधिवेशन, माध्यमिकचे वर्ग. मुख्याध्यापिका मीटिंगसाठी दादरला गेलेल्या. दीडच्या सुमाराला आभाळ असं काळवंडलं की वर्गात दिवे लावावे लागले. दोन वाजता मैदानात घोट्याएवढं पाणी. काही पालक येऊन उभे राहिले, "बाई, सोडा ना पोरांना, पाऊस वाढायच्या आत घरी जाऊ देत." निर्णय माझा होता. मी फार विचार केलाच नाही. पंचवीस वर्षं आम्ही दर पावसाळ्यात हेच करत आलो होतो. पाऊस वाढला की शाळा सोडायची, पोरं भिजत-नाचत घरी जायची, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी शिपायाला घंटा द्यायला सांगितली. तेव्हा अडीच वाजायला पाच मिनिटं कमी होती.

वर लिहिलेला १९० मिलिमीटरचा तास आठवतोय ना? अडीच ते साडेतीन. बरोबर त्या तासाच्या तोंडावर मी चारशे मुलं रस्त्यावर सोडली.

तीसेक मुलं मागे राहिली होती, लांब राहणारी, ज्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं ती. चारपर्यंत तळमजल्यावर पाणी आलं तशी त्यांना घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. प्राथमिकच्या पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ होती, शिपाईमामांनी स्टोव्हवर खिचडी केली. रात्रभर गाण्यांच्या भेंड्या, गोष्टी, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली पोरं. दुसऱ्या दिवशी पालक आले, मुली गळ्यात पडून रडल्या. पुढे गॅदरिंगला माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. "बाईंनी तीस मुलं रात्रभर सांभाळली." टाळ्या झाल्या.

त्या चारशेंबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आणि मीही बोलले नाही.

ती सगळी घरी पोचली, ही देवाची कृपा. पण कशी पोचली? कुणी कमरेएवढ्या पाण्यातून दोर धरून, कुणाला अनोळखी लोकांनी घरात घेतलं. आठवी ब मधला एक मुलगा बंद पडलेल्या डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर रात्रभर बसून होता, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेला. त्याची आई २७ तारखेला सकाळी शाळेत आली तेव्हा मी तिला काय सांगितलं? "सोडलंय हो आम्ही कालच." तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. फोन बंद, त्यामुळे तो सुखरूप असल्याचं मला २८ ला कळलं. ते दीड दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शहरभर मेलेल्यांच्या बातम्या येत होत्या. गाड्यांची दारं-काचा उघडेनात म्हणून आत गुदमरून माणसं गेली, उघड्या गटारात गेली, शॉक लागून गेली. त्यात आपल्या शाळेचा गणवेश नसू दे एवढंच मागत होते.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला काय ठाऊक एवढा पडणार आहे? खरंय, ठाऊक नव्हतं. पण मैदानात घोटाभर पाणी समोर दिसत होतं. शाळेची इमारत दोन मजली, पक्की. मुलं तिथे थांबवली असती तर एक रात्र उपाशी, फार तर रडून काढली असती. मी समोरच्या पावसाकडे बघून निर्णय घेतला नाही, आजवरच्या पंचवीस पावसाळ्यांकडे बघून घेतला. चूक ती आहे. आणि त्या दिवशी मुंबईत कितीतरी ऑफिसांनी, शाळांनी, कारखान्यांनी हेच केलं, "लवकर निघा, घरी जा." लाखो माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली.

यातून शिकता येतं, हेही तितकंच खरं. २६ जुलैचाच पुढचा एक दिवस सांगते. २०१९ साली २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर, चहूकडे अंधार, गाडीत हजारभर माणसं, त्यात गरोदर बायका, लहान मुलं. रेल्वेने प्रवाशांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, गाडीतून उतरू नका. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल बोटी घेऊन आले आणि सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. एकही माणूस गेला नाही. मी टीव्हीपुढे बसून ते बघत होते आणि सूनबाई विचारत होती, "आई, तुम्ही का रडताय?" तिला काय सांगणार!

मुंबईच्या 'स्पिरिट'चं कौतुक दरवर्षी या तारखेला होतं. चहा-बिस्किटं वाटणाऱ्या, अनोळखी माणसाला घरात घेणाऱ्या लोकांना मी हात जोडते, माझी मुलं त्यांच्यामुळेच घरी पोचली. पण त्या कौतुकाखाली चुका झाकायच्या हे मला पटत नाही. माझ्या शालीखाली माझी चूक अशीच झाकली गेली.

म्हणून माझं मत असं आहे. पूर, दरड, वादळ यांची नोंद दिनविशेषात जरूर करा, पण एका ओळीवर थांबू नका. दोन ओळी आणखी लिहा. एक, हे आधीपासून कुणाला माहीत होतं. दुसरी, पुन्हा अशी वेळ आली तर आपण काय करायचं. या दोन ओळी नसतील तर आपत्तीचा दिनविशेष म्हणजे नुसतं वर्षश्राद्ध. पान वाढलं, हात जोडले, घरी गेलो. वीस वर्षं उलटून गेली, रडार आलं, मिठीच्या नावाने प्राधिकरण आलं, मोबाइलवर लाल-केशरी इशारे येतात, शाळांना आदल्या दिवशी सुट्टी जाहीर होते. चांगलंच आहे. पण इशारा न येता भर दुपारी आभाळ फाटलं तर मुलं सोडायची की थांबवायची, आणि थांबवली तर त्यांना काय खायला घालायचं, हे प्रत्येक शाळेत आधीच ठरलेलं असायला हवं. माझ्यासारख्या एखाद्या बाईच्या सवयीवर ते सोडू नये.

सकाळी नात दप्तर भरत होती तेव्हा तिची वही मागून घेतली आणि चौथ्या ओळीखाली पाचवी लिहिली. "खूप पाऊस असताना शाळा पक्की असेल तर शाळेतच थांबावे, पाण्यातून चालत घरी जाऊ नये."

"आजी, हा काय दिनविशेष आहे?" ती कुरकुरली. "बाई चारच म्हणाल्यात."

"मग बर्नार्ड शॉला गाळ," मी म्हटलं. "त्याला काही वाटणार नाही."

संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, वाचली सगळ्यांसमोर, बाई काही बोलल्या नाहीत, पण मधल्या सुट्टीत दोघींनी विचारलं, "थांबायचं तर डबा संपल्यावर काय खायचं?" मला फार बरं वाटलं. प्रश्न बरोबर जागी पोचला.

तुमच्यापैकी जे त्या दिवशी मुंबईत, महाडला, आणखी कुठे अडकले होते, त्यांनी आपापल्या आठवणी जरूर कळवा. कसे सुटलात ते तर लिहाच, पण तेव्हा काय चुकलं तेही लिहा. आणि त्या आठवी ब मधल्या मुलापर्यंत हे पोचलंच, तर बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तिची क्षमा मागायची राहिली आहे.